तरंगणारं बी फेकू नका

मागच्या अंकात सहज दोन ओळी लिहिल्या होत्या की किनाऱ्यावरच्या वाळूच्या टेकड्यांवर जी आपली मूळची झुडपं असतात ती बियांपासून तयार करायचा नाद मला लागलाय, कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा. म्हटलं चार पत्रं येतील. आली पिशवीभर, त्यातली अर्धी "उगवतच नाही" अशा तक्रारीची. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, म्हणून सारखे प्रश्न एकत्र केलेत. नावं छापू नका असं बऱ्याच जणांनी लिहिलंय, त्यामुळे फक्त गावं देतोय.

प्रश्न : मी शाळेत शिक्षक आहे. मुलांनी हौसेनं सागरगोट्याच्या दोनशे बिया गोळा केल्या, आम्ही जूनमध्ये पिशव्या भरून लावल्या, आता मार्च आला तरी तीनच उगवल्यात. मुलं विचारतात सर बाकीच्या मेल्या का? काय सांगू? – गुहागर

उत्तर : सर, मेल्या नाहीत, झोपल्यात. एक पिशवी उलटी करून बघा, बी जसंच्या तसं गुळगुळीत राखाडी निघेल, धुतलं की पुन्हा खेळायला घ्या. सागरगोटे आपल्या आज्या अंगणात बसून उडवायच्या, वर्षानुवर्षं तेच पाच, आईचे मुलीकडे जायचे, तरी एकालाही टवका गेलेला नसायचा, आणि त्याच कवचाच्या आत पाणी जावं अशी आपण पावसाकडून अपेक्षा करतो! ते कवच समुद्रासाठी बनलंय. कॅरिबियनकडचे सागरगोटे अख्खा अटलांटिक पार करून स्कॉटलंडच्या बेटांवर लागलेले सापडतात, तिथले लोक पूर्वी दृष्ट लागू नये म्हणून ते जवळ बाळगायचे म्हणे. एवढा प्रवास करून जे आत कोरडं राहतं ते तुमच्या पिशवीतल्या ओल्या मातीला काय दाद देणार.

तर करायचं असं. बी हातात घ्या, त्याच्या एका टोकाला शेंगेला चिकटलेली जागा दिसेल, बारीक ठिपका असतो, त्याला आपण बियाचा डोळा म्हणू. त्या बाजूला अजिबात हात लावायचा नाही, कोंब तिकडेच असतो. त्याच्या बरोबर समोरची बाजू खरखरीत दगडावर नाहीतर सिमेंटच्या ओट्याच्या कडेवर घासायची, पॉलिश पेपर असेल तर उत्तमच. राखाडी थर जातो, मग खाली तपकिरी दिसतं, आणखी थोडं घासलं की आतला फिकट पिवळसर गर टिकलीएवढा दिसतो, तिथे थांबायचं. मग रात्रभर साध्या पाण्यात. सकाळी बघा, ज्यात पाणी शिरलं ते बी फुगून जवळजवळ दुप्पट झालेलं असतं आणि कवच मऊ पडलेलं असतं, ज्यात नाही शिरलं ते तसंच टणक. टणक राहिलेलं पुन्हा घासा. फुगलेलं त्याच दिवशी लावा, वाळवून ठेवलंत तर मरेल. आठ-पंधरा दिवसांत वर येतात, आणि वर येताना जो जाडजूड कोंब येतो तो बघायला मुलांना सोबत बसवा.

गरम पाण्याची युक्तीसुद्धा लोक सांगतात, उकळतं पाणी ओतून गार होईपर्यंत ठेवायचं वगैरे. मर्यादवेल म्हणजे वाळूवर पसरणारी जांभळ्या फुलांची वेल, तिच्या बियांना ती बऱ्यापैकी चालते पण सागरगोट्याला मला कधी भरवशाची वाटली नाही, काही उकडतात आणि काहींना पत्ताच नसतो. दोनशे बिया आणि चाळीस मुलं म्हणजे माणशी पाच घासायच्या, एका तासिकेचं काम आहे. फक्त रोपं मोठी झाली की कुंपणाकडेला लावा, काटे आकडीसारखे उलटे असतात, एकदा शर्ट अडकला की शर्ट तरी फाटतो नाहीतर माणूस.

प्रश्न : आमची छोटी रोपवाटिका आहे. कोणतंही बी आधी पाण्यात टाकायचं, तळाला बसलं ते चांगलं, तरंगलं ते पोकळ, असं आम्ही कायम करतो. भद्राक्षाचं, म्हणजे किनाऱ्यावरच्या त्या पांढऱ्या फळांच्या झुडपाचं, बी आणलं तर सगळंच तरंगलं. एवढ्या लांबून आणून सगळं बी खराब कसं? – श्रीवर्धन

उत्तर : ताई, टाकून दिलं नसेल तर पटकन उचला.

तुमची पद्धत भाताला बरोबर आहे, वांग्या-मिरचीला बरोबर आहे, जंगलातल्या बऱ्याच झाडांनाही बरोबर आहे. इथे मात्र ती पूर्ण उलटी पडते. किनाऱ्यावरच्या झाडांचं बी तरंगायलाच बनलेलं असतं, भद्राक्षाच्या आठळीभोवती बुचासारखा थर असतो, कोयनेलीचं फळ स्पंजासारखं असतं, समुद्राकाठच्या निर्गुडीचं, उंडीचं, सागरगोट्याचं, सगळ्यांचं तेच. लाटेवर बसून पुढच्या गावाला जायचं ही त्यांची रीत. जे बुडालं त्याचं तिकीटच कापलं गेलं.

हे मी एवढ्या ठसक्यात सांगतोय कारण मीसुद्धा हेच केलंय. पहिल्या वर्षी भद्राक्षाची बादलीभर फळं आणली, कुस्करून पाण्यात टाकली, वर आलेलं सगळं चाळणीनं काढून मागच्या गडग्यापलीकडे ओतलं आणि तळाची मूठभर मोठ्या काळजीनं ट्रेमध्ये पेरली. ट्रेमध्ये काही आलं नाही. पुढच्या पावसात गडग्याच्या पलीकडे हे रान उगवलं! बायको म्हणाली तुम्ही फेकता ते उगवतं, पेरता ते नाही, तेव्हा आता सगळं फेकतच चला.

मग बी चांगलं की पोकळ हे ओळखायचं कसं, तर कापून. ढिगातली दहा घ्या, अडकित्त्यानं आडवी कापा. आत पांढरा भरीव गर दिसला की जिवंत, काळपट किंवा रिकामं दिसलं की गेलं. दहातली सहा-सात भरीव असली तर लॉट चांगला समजा आणि त्या हिशोबानं दोन-दोन बिया जास्त टाका. दहा बिया वाया जातात म्हणून जीव तुटतो पण रिकाम्या पिशव्यांना चार महिने पाणी घालण्यापेक्षा परवडतं.

भद्राक्षाचं बाकीचं सांगतो. पूर्ण पांढरी, बोटानं दाबली की मऊ लागणारी फळं घ्यायची, हिरवट नको. दोन दिवस पाण्यात भिजत घालून वाळूबरोबर हातानं चोळायची म्हणजे गर सुटतो. गर राहिला तर बुरशी लागते आणि बी उगवायलाही आढेवेढे घेतं, म्हणून खरी मेहनत इथेच करा. मग धुऊन सावलीत दोन दिवस सुकवून पेरा, बियाच्या जाडीएवढंच खोल. आणि मग विसरा. महिनाभरानं पहिलं येतं, मग दोन येतात, मग काहीच नाही, मग तिसऱ्या महिन्यात अचानक दहा. एका आठळीतून कधी दोन रोपंही येतात. सगळी एकदम येत नाहीत म्हणून ट्रे उलटा करायची घाई करू नका, ही झुडपं सगळे पैसे एकाच पावसावर लावत नाहीत.

बरेच जण विचारतात मिठाच्या पाण्यात भिजवू का. गरज नाही. हे बी खाऱ्या पाण्यात कित्येक महिने जिवंत राहतं आणि नंतर गोडं पाणी मिळालं की उगवतं हे प्रयोगातून दिसलंय, पण उगवायला लागतं ते गोडंच पाणी. किनाऱ्यावरही तेच होतं ना, पावसानं वरच्या वाळूतलं मीठ धुतलं की मग कोंब दिसायला लागतात.

प्रश्न : निर्गुडी आणि कोयनेल दोन्ही फांदीनं सहज लागतात. मग बियांचा खटाटोप कशासाठी? – अलिबाग

उत्तर : प्रश्न रास्त आहे आणि खरं सांगायचं तर निर्गुडीच्या बाबतीत मीसुद्धा अर्धी रोपं फांदीचीच करतो. पेन्सिलीएवढ्या जाडीची, वीतभर लांबीची, पावसाळ्यात वाळूत खुपसली की झालं. बी मात्र महिना-दोन महिने वाट बघायला लावतं आणि शंभरात तीस-चाळीस आली तरी मी खूश असतो.

पण एकाच झुडपाच्या शंभर फांद्या लावल्या म्हणजे तुम्ही एकच झुडूप शंभर ठिकाणी लावलंत. त्याला जी कीड लागेल ती शंभरांना लागणार. याचं सगळ्यात गमतीशीर उदाहरण स्पिनिफेक्सचं. टोकदार पानांचं, वाळूवर लांब धावणारं गवत, तमिळनाडूत त्याला रावणाच्या मिशा म्हणतात आणि पायाला एकदा टोचलं की नाव पटतं. यात नर वेगळा आणि मादी वेगळी. मादीला काटेरी चेंडूसारखा मोठा गोळा येतो, पिकला की तुटतो आणि वाऱ्यावर सगळा किनारा पळत सुटतो, मुलं मागे आणि तो पुढे. आता तुम्ही धावत्या देठांचे तुकडे आणून लावलेत आणि ते सगळे एकाच नराचे निघाले, तर दिसायला हिरवंगार होईल पण बी एक धरणार नाही, गोळे नाहीत म्हणजे पुढची पिढी नाही. म्हणून तुकडे आणायचेच तर दहा वेगवेगळ्या ठिकाणचे आणा.

दुसरं कारण मुळांचं. बियाच्या रोपाला खाली सरळ जाणारं सोटमूळ असतं, फांदीच्या रोपाला बाजूची मुळं. वरची वाळू मे महिन्यात पाय ठेवू देत नाही पण हातभर खाली ती ओलसर असते, तिथवर जो आधी पोचला तो जगला.

आणि हो, निर्गुडी मागताना नीट सांगा. मी एका नर्सरीतून पन्नास रोपं आणली, घरी येऊन बघतो तर पाच-पाच पानांची, म्हणजे शेताच्या बांधावरची आपली औषधी निर्गुडी. चांगली आहे, सांधे दुखले की पाला शेकायला उपयोगी, पण वाळूच्या टेकडीवरची ती नाही. समुद्राकाठची निर्गुडी एक किंवा तीन पानांची असते, वरून हिरवी, खालून पांढुरकी लव असलेली, काही ठिकाणी जमिनीवर पसरून सांध्यासांध्याला मुळं सोडते. गुरं दोन्हींना तोंड लावत नाहीत हा मोठा फायदा.

प्रश्न : मी बागायतीचा विद्यार्थी आहे. रोपांसाठी माती, शेणखत, वाळू समप्रमाणात घेतली. रोपं छान दीड फूट झाली, पाहुणे फोटो काढून गेले. जूनमध्ये किनाऱ्यावर लावली तर पंधरा दिवसांत पानं करपून काळी पडली. काय चुकलं? – दापोली

उत्तर : फोटो काढण्यासारखी झाली तिथेच चुकलं मित्रा. तू त्यांना आजोळी वाढवलंस आणि एकदम होस्टेलला टाकलंस.

शेणखत कमी कर, खूपच कमी. मी तीन घमेली जाड वाळू, एक घमेलं लाल माती आणि अर्धं घमेलं पूर्ण कुजलेला पालापाचोळा घेतो. वाळू किनाऱ्यावरून उचलायची नाही, एकतर किनारा नियमन क्षेत्रात वाळू उपसायला बंदी आहे आणि दुसरं म्हणजे टेकड्या वाचवायला टेकडीच खणायची हा कुठला न्याय. इमारतीच्या कामाची जाड वाळू आणून दोनदा धुऊन घे. एक गोष्ट मात्र किनाऱ्यावरून आण, ओंजळभरच, जिथे तीच झुडपं जोमानं वाढलीत तिथली मुळाजवळची वाळू, ती सगळ्या मिश्रणात कालव. वाळूत अन्न नसतंच जवळजवळ, ही झुडपं मुळांतल्या बुरशीच्या मदतीनं फॉस्फरस मिळवतात, गोवा विद्यापीठात गोव्याच्या टेकड्यांवरच्या झाडांच्या या बुरशीवर काम झालेलं आहे. तीच ओंजळ म्हणजे विरजण समज. आणि वरून रासायनिक खत मारलंस तर विरजण लागत नाही, रोपाला आयतं मिळालं की ते बुरशीला विचारत नाही.

पिशवी उंच घे, रुंद नको. मी सहा बाय दहा इंचाची वापरतो, खाली आणि बाजूला भोकं पाडून. लहान पिशवीत मूळ तळाला पोचून गोल फिरायला लागतं आणि एकदा त्याला गोल फिरायची सवय लागली की वाळूत लावल्यावरही ते गोलच फिरतं, वर्षानं उपटलंस तर पिशवीचा आकार तसाच दिसेल. म्हणून पिशव्या जमिनीला टेकवू नको, विटांवर फळी टाकून त्यावर ठेव, मूळ भोकातून बाहेर आलं की हवेनं आपोआप वाळतं आणि वर नवीन फुटवे येतात.

पाणी. उगवेपर्यंत रोज, चार पानं झाली की एक दिवसाआड, तीन महिन्यांनी पान जरा मान टाकतंय असं दिसेपर्यंत थांब आणि मग भरपूर दे. वरवर शिंपडलंस तर मुळं वरच बसून राहतात. शेवटचे सहा आठवडे शेडनेट पूर्ण काढ, उन्हात ठेव, वाऱ्यात ठेव, शक्य असेल तर पिशव्या किनाऱ्यालगतच्या एखाद्याच्या परसात नेऊन ठेव म्हणजे खारा वारा तिथेच चाखतील. पानं जरा लहान, जाड आणि फिकट होतील, रोप बुटकं दिसेल, पाहुणे फोटो काढणार नाहीत. असं वीतभराचं पण खोडाला लाकडासारखं कडक झालेलं रोप दीड फुटाच्या लुसलुशीत रोपापेक्षा कधीही बरं. खोड नखानं खरवडून बघायचं, सहज साल निघाली तर अजून कोवळं आहे.

रोपं बुंध्याशी बारीक होऊन कोलमडतात असंही तू पुढे लिहिलंयस. ती पाण्याची आणि गर्दीची बुरशी. ट्रेमध्ये विरळ पेर, वर अर्धा इंच कोरड्या जाड वाळूचा थर दे, संध्याकाळी पाणी घालू नको.

प्रश्न : ठाण्यात चौदाव्या मजल्यावर बाल्कनी आहे. मर्यादवेल कुंडीत येईल का? – ठाणे

उत्तर : येईल, बियाला कानशीनं टवका काढून भिजवलंत तर पाच-सहा दिवसांत उगवेल सुद्धा, आणि मग ती शेजाऱ्यांच्या बाल्कनीत जाईल. जांभळं फूल मात्र सकाळी बघण्यासारखं असतं. कडक ऊन असेल तरच लावा.

प्रश्न : आम्ही पंधरा वर्षं अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलिनात आहोत. इथला बीच धुपतोय, आपल्याकडची समुद्रनिर्गुडी लावून स्वयंसेवी काम करावं असं आमच्या मराठी मंडळात ठरतंय. बी पाठवता येईल का? – शार्लट

उत्तर : ठराव आजच मागे घ्या, कळकळीनं सांगतोय!

तुमच्याच किनाऱ्यावर हा प्रयोग होऊन गेलाय. गोल पानांची समुद्रनिर्गुडी, आपल्या आशियातली, तिकडे १९८० च्या दशकाच्या मध्याला आणली गेली. १९८९ मध्ये ह्युगो चक्रीवादळानं साऊथ कॅरोलिनाच्या टेकड्या वाहून नेल्यावर तर ती मुद्दाम लावली, कारण मीठ सोसते, पटकन पसरते, फूल निळंजांभळं सुंदर. पसरली ती इतकी की तिथलं मूळचं सी ओट्स नावाचं उंच गवत तिच्याखाली गुदमरलं, समुद्री कासवांना अंडी घालायला मोकळी वाळू राहीना, आणि आता लोक वर्षानुवर्षं ती उपटतायत. नॉर्थ कॅरोलिनात ती त्रासदायक तणांच्या यादीत आहे. आपलं भद्राक्षही फ्लोरिडात असंच डोक्यावर बसलंय, तिथलं मूळचं वेगळं आहे, काळ्या फळांचं, त्याला बाजूला सारून.

झाड तेच, आपल्याकडे गुणी आणि तिकडे गुंड. आपल्याकडे तिला खाणारे किडे आहेत, तिच्याशी भांडणाऱ्या दहा वनस्पती आहेत, तिकडे कुणी नाही. मंडळाला काम करायचंच असेल तर जवळच्या किनाऱ्यावर सी ओट्स लावायचे कार्यक्रम होतात का विचारा, नाहीतर ही निर्गुडी उपटायला जा. उपटताना सांध्याचा तुकडा वाळूत राहू देऊ नका, तिथून परत येते.

प्रश्न : आमचं होमस्टे आहे. निसर्ग वादळात समोरचं सुरूचं बन आडवं झालं. आता परत सुरूच लावा असं गावात काही जण म्हणतात. तुमचं मत काय, आणि झुडपं लावायची तर कधी, कुठे? – दिवेआगर

उत्तर : ३ जून २०२० तुम्ही मला सांगायला नको, त्या दिवशी तुमच्याकडे जे झालं ते आम्ही सगळ्यांनी बघितलं. सुरूला मी सरसकट शिव्या घालणाऱ्यांतला नाही, वारा अडवतो, सरपण देतो, पर्यटकांना सावली देतो. पण तो मूळचा इथला नाही, ब्रिटिशांच्या काळात कारवारकडे लावायला सुरुवात झाली आणि मग सगळीकडे पसरला. त्याच्या सुयांचा जो गालिचा पडतो त्याखाली दुसरं काही उगवत नाही. बनात जाऊन बघा, वर झाडं आणि खाली नुसता तपकिरी थर, मधे काही नाही. वाळू धरून ठेवायचं काम ते मधलंच करतं ना. त्यामुळे माझं मत, मागे थोडा सुरू राहू दे, पण समुद्राच्या बाजूला झुडपं हवीत आणि त्यांच्याही पुढे वेली.

किनाऱ्याची शिस्त आधी बघून घ्या. पाण्याकडून गावाकडे चालत या. पहिली हिरवी गोष्ट दिसते ती मर्यादवेल, नाव उगाच नाही, समुद्रानं इथपर्यंतच यायचं. तिच्याबरोबर स्पिनिफेक्स. त्यांच्या मागे वाळूचा उंचवटा सुरू होतो तिथे भद्राक्ष, निर्गुडी, कोयनेल, सागरगोटा. त्याच्या मागच्या उतारावर केवडा, उंडी, करंज. ही रांग मोडून भद्राक्ष थेट वेलीच्या पुढे लावलंत तर पहिल्याच उधाणात गेलं समजा. पावसाळ्यात समुद्र किनाऱ्याची वाळू ओढून आत नेतो आणि दिवाळीनंतर हळूहळू परत आणून टाकतो, हे तुम्ही दरवर्षी बघता. म्हणून जूनमध्ये लावायचं ते वेलीच्या मागेच, दोन-तीन चांगले पाऊस होऊन वाळू हातभर ओली झाल्यावर. त्याआधी नको, जुलै उलटून गेल्यावरही नको, मुळाला चार महिने मिळाले पाहिजेत.

खड्डा खोल घ्या, तळाला नारळाची दोन सोडणं भिजवून उपडी ठेवा, पाणी धरतात. रोप पिशवीत होतं त्यापेक्षा खोल लावा, खोडाचा तिसरा हिस्सा वाळूत गेला तरी चालेल. बागेत असं केलं तर झाड कुजतं, पण वाळूत पुरलं जाणं हे भद्राक्षाचं आणि निर्गुडीचं रोजचंच आहे, पुरलेल्या खोडाला नवीन मुळं फुटतात. खालच्या फांद्या छाटू नका, त्याच वाळू अडवतात. समुद्राच्या बाजूनं झावळांचं बुटकं कुंपण करा, दाट नको, हाताची बोटं पसरून धरल्यासारखं विरळ, म्हणजे वारा आत येतो, मंदावतो आणि वाळू टाकून जातो. दाट केलंत तर वारा वरून उडी मारून पलीकडे खड्डा पाडतो.

दोन गोष्टी लावण्याआधी. पहिली, जागा कुणाची ते बघा. वाळूच्या टेकड्या २०१९ च्या किनारा नियमन अधिसूचनेत सगळ्यात कडक गटात, म्हणजे सीआरझेड एक-अ मध्ये येतात. ग्रामपंचायत आणि वनखात्याशी बोलून, लेखी घेऊनच करा, आणि "जरा सपाट करून घेऊ" म्हणून कुणी जेसीबी आणला तर आडवे पडा. दुसरी, तुमच्याकडे कासवं अंडी घालायला येतात. नोव्हेंबर ते मार्च ऑलिव्ह रिडले माद्या वर येतात, त्यांना भरतीच्या रेषेच्या वरची मोकळी वाळू लागते. तेवढा पट्टा मोकळाच ठेवा, तिथे झुडूप नको, झावळ नको, आणि होमस्टेचा तो समुद्राकडे मारलेला फोकस तर नकोच नको. झुडपांची भिंत मागे उभी राहिली की तुमच्या दिव्यांचा उजेड वाळूवर कमी पडतो, पिल्लं वाट चुकत नाहीत.

प्रश्न : आमच्या पुळणीवर कांदळवन लावलं तर जास्त फायदा नाही का होणार? – रेवदंडा

उत्तर : नाही. कांदळवन खाडीच्या चिखलात, झुडपं वाळूवर. पुळणीवर कांदळ लावणं म्हणजे म्हशीला गच्चीवर बांधणं.

प्रश्न : उंडीची फळं झाडाखाली खच पडतात, पण वर्ष झालं तरी क्वचित एखादी उगवते. – मांद्रे, गोवा

उत्तर : कवच फोडा. वटवाघळांनी गर खाऊन टाकलेल्या गोट्या गोळा करा, तेवढंच तुमचं काम कमी होतं. पाट्यावर ठेवून वरवंट्यानं हलका ठोका द्यायचा, कवचाला चीर पडली पाहिजे, आतल्या दाण्याला इजा नको. दोन-चार फुटतील, सवय होईल. अख्खं कवच ठेवलं तर दोन महिने लागतात, पूर्ण सोललेला दाणा साधारण तीन आठवड्यांत उगवतो. पण सोललेला दाणा उंदरांना फार आवडतो, म्हणून मी चीर पाडण्यावर भागवतो आणि वर जाळी टाकतो. ताजीच लावा, उंडीचं बी सागरगोट्यासारखं बरणीत ठेवायचं नसतं. पूर्वी याच दाण्याचं कडू तेल काढून दिव्यात आणि होडीला लावायचे, तुमच्याकडे कुणा म्हाताऱ्या माणसाला विचारलंत तर वास अजून आठवत असेल.

प्रश्न : तुमच्याकडून बिया पोस्टानं मिळतील का? पैसे देऊ. – मालवण, आणि आणखी बऱ्याच ठिकाणांहून

उत्तर : नाही पाठवणार, आणि रागावू नका. मालवणकरांनी माझ्याकडचं रायगडाचं बी कशाला लावायचं, तुमच्या देवबाग-तारकर्लीला भद्राक्ष आहेच की. तिथल्या वाळूला, तिथल्या वाऱ्याला सरावलेल्या झुडपाचं बी तिथेच घ्यायचं. पाच फळं दिसली तर एक घ्या, चार ठेवा, पक्ष्यांना लागतात आणि किनाऱ्यालाही लागतात. एकाच झुडपाला ओरबाडू नका, वीस-पंचवीस झुडपांवरून थोडं थोडं घ्या. भद्राक्ष जवळजवळ वर्षभर थोडं थोडं पिकत असतं, निर्गुडी दिवाळीच्या पुढेमागे, सागरगोट्याच्या शेंगा उन्हाळ्याच्या तोंडाला फुटतात. पाकिटावर गाव आणि तारीख पेन्सिलीनं लिहा, पेनची शाई दमट हवेत पसरते.

आणि पिशवी कापडी न्या. प्लास्टिकच्या पिशवीत भद्राक्षाची फळं दुपारपर्यंत आंबतात, गाडीत असा वास सुटतो की घरचे पुढच्या वेळी बरोबर येत नाहीत.